भैरवगढचा गठ्ठा

९ जानेवारी १९५६, सोमवार

ही डायरी माझ्या मेहुण्याने, सुमनच्या भावाने, दिली होती. आठ दिवस कोरीच पडून होती. आज लिहिण्यासारखे घडले म्हणून उघडली.

उज्जैन शहरातल्या नऊही सरकारी प्राथमिक शाळांच्या हेडमास्तरांना ऑफिसात बोलावले होते. सहायक निरीक्षक भय्यासाहेबांनी सर्क्युलर वाचून दाखवले. मार्चमध्ये चौथीची परीक्षा सगळ्या शाळांत एकच होणार. पेपर एक, दिवस एक. एका शाळेच्या उत्तरांच्या कॉप्या तपासायला दुसऱ्या शाळेच्या हेडमास्तरकडे जातील, कोणाच्या कोणाकडे ते गुप्त राहील. मग पास मुलांच्या टक्केवारीने नऊ शाळांची एक यादी लागेल. शेवटी येणारी शाळा जुलैपासून बंद. मुले जवळच्या शाळेत, आणि मास्तर खाते पाठवील तिकडे.

फक्त प्रभाकर उठला. तो भैरवगढच्या शाळेचा हेडमास्तर. म्हणाला, "माझी मुलं सकाळी दहापर्यंत बापाबरोबर चादरी छापतात आणि मग शाळेत येतात. फ्रीगंजातल्या वकिलांच्या मुलांशेजारी त्यांना उभं करून काय कळणार, साहेब?"

भय्यासाहेब म्हणाले, "कोण शिकवतो आणि कोण नुसता हजेरी घेतो, ते कळेल."

परतताना आम्ही दोघे टावर चौकात चहा प्यायलो. ट्रेनिंगची दोन वर्षे इंदूरला आम्ही एका खोलीत काढली. दर शनिवारी उज्जैनहून त्याच्या आईचा, अक्कांचा, डबा यायचा आणि तो दोघांचा असे. प्रभाकर हसत होता. म्हणाला, यादी लागेल आणि पावसाळ्यात कुठल्याशा कपाटात जाऊन पडेल. मला हसू आले नाही. नऊ शाळांत खालून पहिली कोणती, असे कोणी विचारले तर लोक भैरवगढ म्हणतील किंवा माझी देवास गेटची म्हणतील.

२२ जानेवारी, रविवार

चौथीत एकतीस मुले. टांगेवाल्यांची, हमालांची, स्टँडवर दाण्याच्या पुड्या विकणाऱ्यांची. मोटार आली की अर्धा वर्ग खिडकीशी. इमारत भाड्याची, तीही मालकाला परत हवी आहे. बंद करायला यापेक्षा सोपी शाळा कोणती?

मला कुठेही पाठवोत, माझे काही नाही. पण सुमनच्या छातीचे दुखणे गेल्या वर्षी आटोक्यात आले ते इथल्या डॉक्टरांमुळे. अजून दोन वर्षे दर महिन्याला दाखवायचे आहे. भिंड-मुरैनेकडे तबादला झाला तर तिचे काय होईल, हा विचार मी पुढे जाऊ देत नाही. आमची मुलगी अलका दहा वर्षांची आहे.

सुमनला यातले काही सांगितलेले नाही. तिला सगळे कळते असा मला संशय आहे.

१६ फेब्रुवारी, गुरुवार

रोज सकाळी सातला वर्ग घेतो आहे. एकतीसपैकी पंधरा येतात.

प्रभाकर म्हणाला, त्याने जादा वर्ग ठेवलेला नाही. छपाईचे दिवस आहेत, मुले येऊ शकत नाहीत. "त्यांना गणित येतं," म्हणाला. "कागदावर मांडता येत नाही, एवढंच." मला वाटले, मग येते असे कसे म्हणायचे?

१२ मार्च, सोमवार

परीक्षा संपली. चार मुले वेळेवर आलीच नव्हती, ती धरली तर नापास आणि सोडली तर चौकशी. धावत जाऊन तिघांना घरून आणले. चौथ्याला बापाने माणकचौकात पाठवला होता, टांग्यामागून जाऊन त्यालाही आणला. वीस मिनिटे उशीर झाला. बसू दिले.

१७ मार्च, शनिवार

गठ्ठा आला. शाळेचे नाव नाही, वर फक्त आकडा: सहा. आत सव्वीस मुलांच्या कॉप्या, मुलांची नावे कापलेली.

पहिली कॉपी उघडली आणि कोपऱ्यात काळसर तांबडा अंगठा उमटलेला दिसला. दुसऱ्या कॉपीवर तसाच. तिसरीवर निळी बोटे. उज्जैनात असे हात एकाच वस्तीतल्या मुलांचे असतात.

गठ्ठा परत नेऊन द्यायला हवा होता. कोणाचा ते ओळखू आले, दुसऱ्याला द्या, एवढे सांगायचे होते. दुपारी चपला घालून दारापर्यंत गेलोही. मग वाटले, तिथे बसलेला कारकून विचारील, ओळखू आले म्हणून काय झाले, तुम्ही पक्षपात करणार आहात का? आणि माझ्या हातून तो गेला तर दुसऱ्या कोणाच्या तरी हाती जाईल, जो प्रभाकरला ओळखतही नाही. माझ्या हाती निदान न्याय तरी होईल.

चपला काढून ठेवल्या.

२० मार्च, मंगळवार

हिंदीच्या कॉप्या झाल्या. विषय 'हमारा गाँव'. मुलांनी मालवी बोलीत लिहिले आहे. कोणी शिप्रेत चादरी धुतल्यावर पाण्याचा रंग कसा होतो ते लिहिले आहे. वाचायला चांगले वाटते, पण ती भाषा परीक्षेची नव्हे. गुण कापावे लागले.

आज गणित सुरू केले. चौथा प्रश्न दहा गुणांचा: एका चादरीला साडेतीन गज कापड लागते, तर अठ्ठावीस गजांच्या थानात किती चादरी होतील? सव्वीसपैकी एकवीस मुलांनी 'आठ' लिहिले आहे. नुसते आठ. ना मांडणी, ना भागाकार. खाली मोकळी जागा. पाचवा आणि आठवा प्रश्नही तसलेच, त्यांनाही नुसती उत्तरे आणि तीही बहुतेक बरोबर.

सूचनापत्रात लिहिले आहे, 'रीत व उत्तर दोन्ही पाहून गुण द्यावेत.' दोन्ही पाहून म्हणजे दोन्ही असली तर. एक नसेल तर? तिथे काही लिहिलेले नाही. पहिल्या कॉपीवर पाच दिले. मग खोडून शून्य केले. एकाला पाच दिले तर सगळ्यांना द्यावे लागतील.

सगळ्यांना शून्य दिले. सगळ्यांना एकच नियम लावला, त्यामुळे यात अन्याय नाही.

२२ मार्च, गुरुवार

बेरजा झाल्या. गणितात तेहतीसला पास. अकरा मुले अठ्ठावीस ते बत्तीसच्या मध्ये अडकली आहेत. पुन्हा एकदा पाहिले, बेरीज बरोबर आहे.

सुमनने विचारले, एवढा वेळ का लागतो आहे? म्हटले, काम जबाबदारीचे आहे. ती माझ्याकडे पाहत राहिली, मग कॉपीवरच्या अंगठ्याकडे. म्हणाली, "मीरावहिनी सांगत होत्या, या मुलांचे हात साबणानंही निघत नाहीत." मीरा म्हणजे प्रभाकरची बायको. मी गठ्ठा बांधून टाकला.

२४ एप्रिल, मंगळवार

ऑफिसाच्या भिंतीवर यादी लागली. मी गर्दी ओसरेपर्यंत थांबलो.

खालून वर वाचत गेलो. नववी: भैरवगढ. सव्वीसपैकी नऊ पास, शेकडा पस्तीस. आठवी: देवास गेट. एकतीसपैकी बारा पास, शेकडा एकोणचाळीस.

चार टक्के.

घरी येऊन सुमनला सांगितले की आपण इथेच राहणार. तिने देवापुढे साखर ठेवली. मग विचारले, शेवटची कोणाची आली? सांगितल्यावर तिने ती साखर अलकालाही दिली नाही, तशीच राहू दिली.

२७ एप्रिल, शुक्रवार

दुपारी प्रभाकर आला. उन्हातून चालत आला होता, शर्ट पाठीला चिकटलेला. भय्यासाहेबांनी त्याला त्याच्या मुलांच्या कॉप्या अर्धा तास पाहू दिल्या होत्या. सुमन पाणी ठेवून आत गेली.

तो यादीबद्दल बोललाच नाही. मला म्हणाला, "श्रीपाद, एक सांग. साडेतीन गजाची चादर, अठ्ठावीस गजांचं थान. पोरानं नुसतं आठ लिहिलंय. तू किती दिले असतेस?"

मी म्हटले, सूचना काय आहे त्यावर अवलंबून आहे.

"सूचना मलाही तीच होती. मी तपासलेल्या गठ्ठ्यातही अशी पोरं होती. त्यांना मी निम्मे दिले." थोडा थांबून म्हणाला, "तू?"

मी म्हटले, "मीही बहुतेक निम्मेच दिले असते."

त्याने पेला उचलला. मग पाणी प्यायला. सुमनची तब्येत विचारली, डॉक्टर काय म्हणतात ते विचारले. जाताना दारात थांबला. म्हणाला, "भय्यासाहेब सांगत होते, परीक्षकानं स्वतः होऊन चिठ्ठी लिहिली तर गठ्ठा पुन्हा तपासता येतो. पाच मेपर्यंत. मी अर्ज करून उपयोग नाही, परीक्षकानंच लिहायला हवं. तो कोण आहे ते मला माहीत नाही, असं समज."

तो गेल्यावर दार लावून घेतले. पण त्याला माहीत नाही. बरे झाले. माहीत असते तर त्याला किती वाईट वाटले असते.

२९ एप्रिल, रविवार

भय्यासाहेबांना चिठ्ठी लिहिली. 'गठ्ठा क्रमांक सहा तपासताना माझ्याकडून नियमाचा अर्थ अधिक कडक लावला गेला असावा.' चारच ओळी. वाचून पाहिली. सही केली नाही.

पुन्हा तपासले तर ती अकरा पास होतील. अकरा आणि नऊ वीस. मग शेवटची शाळा कोणती, त्याला गणित लागत नाही.

आत सुमन खोकत होती. दोनदाच खोकली. मी मोजत होतो.

५ मे, शनिवार

सकाळी चिठ्ठी खिशात घालून निघालो. ऑफिसाच्या फाटकातून आत गेलो. भय्यासाहेब व्हरांड्यात उभे होते, विचारले, "काय मास्तर, काही काम?" म्हटले, सुट्टीतला पत्ता कळवायला आलो. पत्ता लिहून दिला. पत्ता तोच, घरचा.

भेकड म्हणवून घ्यायला हरकत नाही, पण स्वतःलाच ते म्हणावे लागावे याची शरम वाटते. निदान इथे तरी लिहून ठेवतो.

२ जुलै, सोमवार

शाळा उघडली. प्रभाकरला पुढचा हुकूम येईपर्यंत माझ्याच शाळेत सहायक म्हणून दिले आहे. सकाळी माझ्या आधी येऊन बाहेर उभा होता. हजेरीपटावर माझ्या सहीखाली सही केली. मी म्हटले, माझ्या खुर्चीशेजारी तुझी खुर्ची लावतो. म्हणाला, "वर्गात बसतो. तिथे बरं."

भैरवगढच्या शाळेची सगळ्या वर्गांची मिळून बासष्ट मुले होती. त्यांना जुन्या गावातल्या शाळेत नाव घालायला सांगितले आहे. जाऊन येऊन दोन कोस चालणे. आज चौदा आली, असे प्रभाकरनेच सांगितले. तो सकाळी तिकडे जाऊन मोजून आला होता.

१९ जुलै, गुरुवार

परीक्षेच्या कॉप्या ज्या त्या शाळेला परत आल्या. आमच्या मुलांच्या मी एकट्याने उघडून पाहिल्या.

तपासणाऱ्याने जागोजागी पेन्सिलीने लिहिले आहे. 'असा भागून पाहा.' 'अक्षर छान.' एका ठिकाणी रीत नव्हती, उत्तर बरोबर होते, तिथे पाच गुण आणि शेजारी 'शाबास, पण कसे केलेस?' ते अक्षर मला ओळखायला वेळ लागला नाही. दोन वर्षे त्याच अक्षरातल्या टिपणांवरून मी अभ्यास केला होता.

प्रभाकरने माझ्या आठ मुलांना असे निम्मे दिले आहेत. ते दिले नसते तर बारातले पाच उरले असते.

माझे अक्षर त्याने ओळखले असेल का? मी तर फक्त आकडे लिहिले होते. आणि अर्धाच तास पाहायला मिळाला होता त्याला.

कॉप्या कपाटात ठेवल्या. प्रभाकर पलीकडच्या वर्गात पाढे म्हणून घेत होता.

१६ सप्टेंबर, रविवार

प्रभाकरबरोबर भैरवगढला गेलो. तो दर रविवारी जातो, एका छपाईवाल्याच्या ओसरीवर मुलांना बसवतो. मला नको म्हणाला नाही, चल असेही म्हणाला नाही.

जुन्या गावातल्या शाळेत आता तीनच मुले जातात. मुली तर पहिल्याच आठवड्यात थांबल्या. ओसरीवर अठरा मुले जमली. आतल्या लांब मेजावर त्यांचे बाप ठप्पे मारत होते, एकसारखा धप धप आवाज. एक दहा-अकरा वर्षांची मुलगी, सलमा, मला म्हणाली, "माट साब, मैं फेल हूँ." मी विचारले, कशात? म्हणाली, "हिसाब में. मगर मेरा जवाब सही था. बड़े माट साब ने पूछा तो मैंने फिर से बताया." बड़े माट साब म्हणजे प्रभाकर. मग तिने मला विचारले की जवाब बरोबर असून फेल कसे होतात?

प्रभाकर फळ्यासारख्या काळ्या पाटीवर काही लिहीत होता. त्याने वळून पाहिले नाही. मी तिला म्हटले, रीत लिहायला हवी असते. तिने मान हलवली. तिचे समाधान झाले नाही हे दिसत होते. तिच्या बापाने आतून हाक मारली, ती गेली, आणि मी निघेपर्यंत मेजाशीच होती.

१ नोव्हेंबर, गुरुवार

आजपासून मध्य भारत नाही. मध्यप्रदेश. शाळेत झेंडा, मुलांना लाडू. भाषणात मी म्हटले की आता आपले राज्य पार छत्तीसगढपर्यंत पसरले आहे. मुलांनी टाळ्या वाजवल्या. नकाशा जुनाच आहे, नवीन यायचा आहे.

१९ नोव्हेंबर, सोमवार

प्रभाकरचा हुकूम आला. जिल्हा सरगुजा. तिकडे ट्रेनिंग झालेले मास्तर कमी आहेत, म्हणून इकडे ज्यांना शाळा नाही त्यांना पाठवतात. कटनीला गाडी बदलायची, आणि पुढे दिवसभर मोटार.

भय्यासाहेबांकडे गेलो. म्हटले, घरी आंधळी म्हातारी आई आहे. ते म्हणाले, "मास्तर, हुकूम भोपाळचा आहे. मी इथला. यादीत त्यांची शाळा वर आली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं." त्यांनी हे दुःखानेच सांगितले. वाईट मनुष्य नव्हे.

२६ नोव्हेंबर, सोमवार

प्रभाकर आणि मीरा गेले. अक्कांना एवढा प्रवास झेपणार नाही, म्हणून त्या आमच्याकडे राहिल्या आहेत. विचारले प्रभाकरनेच. म्हणाला, "दुसरं घर नाही मला." मी म्हटले, हे काय विचारणे झाले? मनातून फार बरे वाटले. आपल्या हातून काहीतरी त्याच्या उपयोगी पडते आहे.

स्टेशनवर सुमन आणि मीरा एकमेकींना धरून रडल्या. प्रभाकरने मला नमस्कार केला. हात जोडून, लांबून. आम्ही कधी असा नमस्कार करत नाही.

९ डिसेंबर, रविवार

अक्कांचे काही त्रास देणे नाही. उन्हात बसतात, अलका त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवते. आज मी प्रभाकरला पत्र लिहीत होतो. टाकाचा आवाज ऐकून म्हणाल्या, "तूच लिहितोयस ना रे, श्रीपादा?" विचारले, कसे ओळखले? म्हणाल्या, "जोर देऊन लिहितोस. प्रभा म्हणायचा, श्रीपादचा नुसता आकडा दाखवा, हजारांतून ओळखीन मी."

मी विचारले, कधी म्हणायचा? इंदूरला असताना?

"तेव्हाही म्हणायचा," अक्का म्हणाल्या. "आणि आता उन्हाळ्यात म्हणाला. ऑफिसातून आला होता कुठल्याशा. जेवला नाही त्या दिवशी."

२१ डिसेंबर, शुक्रवार

बारा दिवस काही लिहिले नाही.

त्याला ठाऊक होते. दुपारी पाणी प्यायला तेव्हाही, माझ्या सहीखाली सही केली तेव्हाही, आईला माझ्या घरी सोपवली तेव्हाही. मग तो बोलला का नाही? मी बोलेन म्हणून थांबला होता, की सुमनसाठी? हे मी कोणाला विचारू?

पत्र लिहायला बसलो. सरळ लिहायचे ठरवले होते. चार पाने झाली, आणि चारही पानांत थंडी, अक्कांची भूक, अलकाचा अभ्यास. तेच पोस्टात टाकले.

१४ जानेवारी १९५७, सोमवार

आज संक्रांत. सकाळी सुमनने तिळगूळ दिला तेव्हा अक्कांनी तोंडात धरला, पण चावला नाही. दोन दिवस ताप होता. अकराच्या सुमारास गेल्या. सुमनचा हात धरलेला होता.

तार केली. पोस्टमास्तर म्हणाले, तिकडे तार पोचायलाच दोन दिवस लागतील, कदाचित तीन. थांबणे शक्य नव्हते. चक्रतीर्थावर मी अग्नी दिला. गुरुजींनी विचारले, मयताचे तुम्ही कोण? म्हटले, मुलासारखा.

१९ जानेवारी, शनिवार

प्रभाकर आला. एकटाच. मीरेला तिकडे ताप येतो आहे. तोही वाळला आहे. गाडीत दोन रात्री बसून काढल्या. अक्कांची खाट जिथे होती तिथे जाऊन उभा राहिला, मग जमिनीवर बसला.

सुमनने त्याला सगळे सांगितले, काय खाल्ले, काय बोलल्या. मी दारात उभा होतो.

२३ जानेवारी, बुधवार

दहावा. रामघाटावर पिंड ठेवून आम्ही कावळ्याची वाट पाहत बसलो होतो. पाणी उतरलेले होते. इतक्या दिवसांत आम्ही दोघेच असे पहिल्यांदा.

मी म्हटले, "प्रभाकर, तो सहा नंबरचा गठ्ठा..."

तो म्हणाला, "आज अक्काचा दिवस आहे, श्रीपाद."

खरे सांगायचे तर सुटल्यासारखे वाटले. उद्या सांगू म्हटले, परवा सांगू.

२६ जानेवारी, शनिवार

सकाळी शाळेत झेंडावंदन, दुपारी अक्कांचे तेरावे. संध्याकाळच्या गाडीने प्रभाकर गेला. रजा तेवढीच होती.

टांग्यात बसण्याआधी म्हणाला, "तू माझ्या आईचं शेवटचं केलंस. मुलानं करायचं ते केलंस. आता आपल्यात काही राहिलं नाही."

मी म्हटले, असे कसे म्हणतोस, आपले जन्माचे आहे. तो टांग्यात बसला. टांगा निघाला.

मला वाटले, त्याने क्षमा केली. घरात येऊन सुमनला तसे म्हणालो. ती भिंतीकडे तोंड करून भांडी आवरत होती. म्हणाली, "तुम्हाला खरंच तसं ऐकू आलं?"

८ फेब्रुवारी, शुक्रवार

भय्यासाहेबांनी बोलावले. या वर्षी परीक्षा सगळ्या जिल्ह्यात एकच. एकशे अठरा शाळा. यादीही मोठी, शेवटच्या दहा शाळांचा विचार होईल. परीक्षकांना काम शिकवायला आणि सूचना लिहायला एक मुख्य परीक्षक हवा. "गेल्या वर्षीचे नऊ गठ्ठे मी स्वतः उलटून पाहिले," ते म्हणाले. "बाकीच्यांनी दया दाखवली. एका तुमच्याच गठ्ठ्यात एक गुण इकडचा तिकडे नव्हता. तुमचं नाव मी वर कळवलं आहे. पंचवीस तारखेपर्यंत होकार लिहून द्या."

मी खाली मान घालून उठलो. त्यांना वाटले, नम्रपणा.

११ फेब्रुवारी, सोमवार

हे काम घेऊ नये, असे सुमनचे मत. ती बोलली नाही, पण आहे. मला वेगळे वाटते. सूचना मीच लिहिणार असेन तर त्या अशा लिहिता येतील की पुन्हा तसे होणार नाही. की हाही पळण्याचाच एक मार्ग आहे?

शेवटी प्रभाकरला लिहिले. या वेळी थंडीचे वगैरे काही नाही. गठ्ठा मी तपासला, शून्य मी दिले, का दिले, चिठ्ठी लिहून का दिली नाही, सगळे. ऑफिसाने काय विचारले आहे तेही. खाली लिहिले, तू नको म्हणालास तर नाही घेणार. तू सांगशील ते.

स्वतः देवास गेटच्या पोस्टात जाऊन रजिस्टर केले. परतताना पाय हलके होते.

२५ फेब्रुवारी, सोमवार

पत्र परत आले. फोडलेले नाही. पाकिटावर तिकडच्या पोस्टमनचा शेरा, 'लेने से इनकार', आणि खाली प्रभाकरची सही. पूर्ण नाव, तारखेसह.

सुमनने पाकीट हातात घेऊन पाहिले आणि परत दिले. म्हणाली, मी मीरेला लिहिलेली दोन पत्रेही अशीच आली आहेत, तुम्हाला सांगितले नव्हते.

अलका शाळेतून आली, तिला जेवायला वाढले.

चार वाजता ऑफिसात जाऊन होकार लिहून दिला. पहिली बैठक रविवारी, तीन तारखेला, अकरा वाजता.